हार्ड डिस्कला हवा

अकोल्याच्या आमच्या भाड्याच्या घरात दोन वर्षांत दोन हार्ड डिस्क मेल्या, आणि दोन्ही वेळा मी अमरावतीला जाऊन राजापेठेतल्या दुकानदाराला फैलावर घेतलं. स्वस्तातला तो कॉम्प्युटर त्यानेच जुळवून दिलेला. बिचारा वॉरंटीत डिस्क बदलून द्यायचा आणि म्हणायचा, "सर, तुमच्या अकोल्याची लाईनच खराब हाये." मी मूळचा अमरावतीकर, त्यामुळे मला हे लगेच पटायचं. अकोल्याचं काहीही खराब असू शकतं, माझी बायको सोडून.

तिसरी डिस्क गेली तेव्हा मात्र थट्टा उरली नाही. तिच्यात बायकोचा पीएच.डी.चा प्रबंध होता आणि तो जमा करायला बारा दिवस उरले होते. कॉपी काढून ठेवू का, असं तिने मला दोनदा विचारलं होतं. "काहून? डिस्कमधी हाये म्हणजे बँकेत हाये," असं मी ठणकावलं होतं.

या खेपेला तीही सोबत आली. एसटीत कॉम्प्युटरचा सगळा डबा माझ्या मांडीवर. दुकानदाराने डिस्क काढून उलटी केली, तर खालच्या हिरव्या पट्टीवर पांढरी खपली.

"हे काय होय जी? मीठ?"

"धूळ असंल," मी म्हणालो.

बायको पुढे झाली. तिचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा असाच थर ती लहानपणापासून हंड्यांवरून घासत आलेली. तिने नखाने खपली खरवडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कूलर," एवढंच म्हणाली.

दोन उन्हाळे मी कॉम्प्युटरचं टेबल कूलरच्या अगदी तोंडाशी ओढून ठेवलं होतं, कूलरमध्ये पाणी घरच्या खाऱ्या बोअरचंच, वर डब्याचं एका बाजूचं झाकणही काढलं होतं. मशीन तापतं, त्याला हवा लागते, असं घरात सांगून. हवा मला लागायची. पण माणूस कूलरसमोर बसला तर आळशी ठरतो, मशीन बसवलं तर जाणकार.

"तुमाले हवा पायजे होती, त सांगायचं होतं ना," ती म्हणाली. आवाज चढवलासुद्धा नाही. दुकानदार मान खाली घालून हसून राहिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने खोडरबराने डिस्कचे पॉइंट घासले आणि ती दहा मिनिटं चालली. तेवढ्यात प्रबंधाची तीन प्रकरणं कॉपी होऊन निघाली. चौथं गेलं ते गेलंच.

मग आठ-नऊ दिवस ती कच्च्या कागदांवरून सांगायची आणि मी टाइप करायचो. मी भिंतीशी, घामाने निथळत, ती कूलरसमोर. शेवटी ऋणनिर्देश आला. नवऱ्याची एक ओळ त्यात असतेच, म्हणून मी न विचारताच टाइप करून टाकलं: 'पतीचे मोलाचे सहकार्य लाभले.'

"थांबा," ती म्हणाली, "पुढचं मी सांगतो. लिहा: 'त्यामुळेच चौथे प्रकरण दोनदा लिहिता आले.'"

गंमत करत असेल म्हणून मी लिहिलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रतीत ती ओळ अजून तशीच आहे.