शिट्टी, जाकीट आणि माझी सही

आमचा साखर कारखाना बंद पडला आणि सरकारला आमच्या भागाची एकाएकी फार काळजी वाटायला लागली. कारखाना चालू होता तवा कुणी साहेब इकडं फिरकला नाही. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता फाटला, तरी नाही. धुराडं थंड झालं आणि मग पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. म्हणाले, या भागाला आता नव्या धंद्याकडं वळवायचंय, त्यासाठी निधी आलाय. योजनेचं नाव एवढं लांब होतं की फलकावर दोन ओळींत बसवूनही शेवटची अक्षरं दाटीवाटीनं उभी राहिली. गावानं तिला 'बदलाची योजना' म्हणून मोकळं केलं.

मी त्या कारखान्याच्या साखर गोदामाचा वॉचमन. तीस वर्षं. माझ्या पहाऱ्यातून एक पोतं वावगं गेलं नाही, हे मी कुणालाही सांगतो. न विचारता सांगतो. गेटावर रजिस्टर असायचं. आत काय गेलं, बाहेर काय आलं ते क्लार्क लिहायचा आणि खाली मी सही ठोकायचो. शिक्षण तिसरीपर्यंतचं, पण सही अशी लफ्फेदार की नवे साहेब मला पदवीधर समजायचे. वाचता येत नाही असं नाही. येतं. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत येतं. पण ती काय चारचौघांत करायची गोष्ट आहे? म्हणून मी पारावर रोज पेपर उघडून बसायचो, मोठे मथळे लावायचो, फोटो बघायचो आणि मधूनच "हं" म्हणायचो. त्या "हं"वर गावात माझी वाचणारा माणूस म्हणून ख्याती होती.

तर बदल असा झाला की माझ्या त्या गोदामात प्रशिक्षण केंद्र आलं. पोती गेली, बाकं आली. मळीचा वास मात्र गेला नाही. त्याच्यासाठी निधीत तरतूद नसावी. तिथं मुलींना कंपनीतल्या इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग शिकवायला लागले. माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी, बारावी झालेली, तिनं पहिल्याच दिवशी नाव घातलं. सहा महिन्यांचा कोर्स. हजेरी भरली तर परीक्षा, परीक्षा झाली तर रांजणगावच्या कंपनीत मुलाखत. माझ्या मुलानं एकच अट घातली, "कायबी वाकडंतिकडं कानावर आलं, तर त्या दिवसापासनं बंद." अट पोरीला घातली. रस्त्यावरच्या पोरांना अट घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्यासुद्धा.

योजनेच्या कागदात मुलींच्या सुरक्षेचंही एक कलम होतं. बाक मांडलं तरी मुलगी तिथवर पोचली पाहिजे, हे वरच्या कुणातरी हुशार माणसाला सुचलं होतं. त्यासाठी गावात समिती करायची होती आणि समितीत एक ज्येष्ठ नागरिक लागत होता. सरपंच घरी आले. "आबा, राखणीतलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" म्हणाले. मी जागेवर वीतभर फुगलो.

पहिल्या बैठकीत योजनेच्या साहेबांनी 'पाठलाग' हा शब्द समजावून सांगितला. मुलीला नको असताना रोज मागं जाणं, वाटेत थांबणं, फोन करत राहणं, हा गुन्हा आहे म्हणाले. आमच्यातला एक सभासद म्हणाला, "मंजी आमच्या वक्ताला ज्येला आमी प्रेम म्हणायचो, त्ये?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच आठवड्यात नात माझ्याजवळ आली. मी गोठ्यात म्हशीला पेंड घालत होतो.

"आबा, मी केंद्रावर जाती त्या जीपच्या मागं रोज एक मोटारसायकल येती."

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय? येऊ दे की."

"फाट्यापासनं गेटापर्यंत येती. जीप थांबली की थांबती. संध्याकाळी परत तेच."

"तू खाली बघून जायचं."

"आबा, त्यो कोण हाय माहितीये का? त्यो..."

"नाव घेऊ नगंस! नाव घेतलं की गावभर हुतं. मी कमिटीवर हाय न्हवं? बघतो मी."

ती वळून घरात गेली. मी पेंड घालत राहिलो. कमिटीवरच्या माणसाला नावाची काय गरज!

पुढच्या बैठकीत साहेबांनी नवीन गोष्ट काढली. गावातली पाच होतकरू तरुण पोरं 'सुरक्षा मित्र' म्हणून नेमायची. त्यांना हिरवं चमकणारं जाकीट, शिट्टी, बॅटरी आणि गळ्यात ओळखपत्र. केंद्राच्या गेटातून आत जायची मुभा. शिवाय अडीअडचणीला असावेत म्हणून सगळ्या मुलींचे फोन नंबर. नावं प्रतिष्ठित माणसांनी सुचवलेली होती. यादी फिरत फिरत आली. समितीवरच्या बचत गटाच्या ताई म्हणाल्या, "जरा वाचून दाखवा की, कोण कोण हाय त्ये."

यादी तवा माझ्या हातात होती. बारीक टाइप. वाचायची म्हणजे बोट लावावं लागलं असतं, आणि समोर साहेब बसलेले. मी म्हणालो, "वाचायचं काय त्यात ताई? गावचीच पोरं हायेत." आणि तीस वर्षांच्या सवयीनं खाली सही ठोकली. वर लिहिणारा दुसरा, खाली सही माझी. ताईंनीही मग केली.

आमच्याकडं कुणी काम करायच्या आधी त्याचा सत्कार करतात. काम झाल्यावर करायचा म्हटलं तर पुष्कळदा संधीच येत नाही. त्याप्रमाणं सुरक्षा मित्रांचा सत्कार गोदामातच ठरला. मंडप, शाली, नारळ, खुर्च्यांना पांढरी कापडं. मी स्टेजवर, पहिल्या रांगेत. आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की गुलाबाची फुलं लाभार्थी मुलीच्या हस्ते द्यायची. लाभार्थी म्हणून माझी नात पुढं केली, कारण आजोबा स्टेजवर.

पहिल्याला फूल दिलं. दुसऱ्याला दिलं. तिसरं नाव पुकारलं ते कारखान्याच्या एका माजी संचालकाच्या पोराचं. पोरगं जाकीट घालून पुढं आलं, हात पुढं केला. नात थांबली. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." ती वळली, स्टेजवरनं सरळ माझ्यापुढं आली आणि ते फूल माझ्या मांडीवर ठेवलं.

"आबा, ह्योच त्यो मोटारसायकलवाला."

हळू बोलली होती, पण माइक जवळ होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. सरपंच माइकवर आले आणि म्हणाले, "चला, पुढचा सत्कार घेऊ." आणि घेतला! शालीसुद्धा पुऱ्या पाच वाटल्या.

घरी गेल्यावर कळलं की तिच्या फोनवर दोन दिवसांपासून त्याचे फोन येत होते. आधी त्याच्याकडं नंबर नव्हता. सुरक्षेपोटी आम्हीच दिला. माझ्या मुलानं फोन टेबलावर आपटला. "उद्यापासनं घरी. स्थळं बघायला लागतो."

पोरगी रडली नाही. फक्त म्हणाली, "दोन महिने ऱ्हायलेत, आप्पा. आणखी चार खाडे पडले तर परीक्षेला बसवत न्हाईत."

संध्याकाळी माजी संचालक पोराला घेऊन आले. पेढे आणले होते. पोरगं तवाही जाकीट घालूनच आलेलं, जाकीट आवडलं असावं.

"आबा, पोरसवदा हाय. चुकलं आसंल. पण जाकीट काय आमी घरनं शिवून आणलं न्हाई. तुमची सही हाय यादीवर."

"सही हाय," मी म्हणालो.

"मग झालं तर. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या."

पेढ्याचा पुडा मी त्यांच्या चपलेजवळ नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेलो. म्हटलं, नाव काढा. साहेब फार सभ्य. म्हणाले, "निवड एकमतानं झालेली आहे. एखाद्या सदस्यानं बैठकीत सांगितलं की माझी सही माहितीविना झाली, आणि तसं लेखी दिलं, तर फेरविचार करता येईल." म्हणजे चारचौघांत उभं राहून म्हणायचं की मी वाचलं नाही. मी तिथून उठून आलो. दोन दिवस पारावर गेलो नाही. पोरीचे दोन खाडे पडले.

सरपंचांनी मधला मार्ग काढला. "आबा, चष्मा घरी विसरलो होतो म्हणा. तुमचाबी मान ऱ्हातो, आमचाबी." मला ते पटलं. फारच पटलं. घरी येऊन तसं सांगितलं. नातीनं फोन पुढं केला. त्यात बैठकीचा फोटो होता, योजनेच्याच माणसानं काढलेला. मी पेन धरून बसलोय आणि चष्मा नाकावर.

ती एवढंच म्हणाली, "बघा आबा, तुमचं तुमी."

बैठक गोदामात भरली. निम्मा गाव आलेला. त्याच गोदामात मी तीस वर्षं ताठ मानेनं उभा राहिलो होतो. उठलो आणि म्हणालो, "यादी मी वाचली न्हाई. न वाचता सही केली. मला बारीक अक्षर झटदिशी वाचता येत न्हाई. बोट लावावं लागतं. त्याची मला लाज वाटली."

माजी संचालकांनी मागून आवाज दिला, "मग पारावर रोज पेपर घेऊन बसताय ते काय, चित्रं बघताय व्हय?"

लोक हसले. पहिल्या बैठकीत मी हसलो होतो, अगदी तसंच.

"व्हय," मी म्हणालो. "चित्रंच बघतो. आन् तुमच्या पोराचं चित्र माझ्या नातीनं रोज दोनदा बघितलंय, फाट्यापासनं गेटापर्यंत. त्याचं आधी बोला."

बचत गटाच्या ताई उठल्या. "मी वाचून दाखवा म्हणत हुते, मला ह्यांनी गप्प बसवलं. त्येबी लिवा."

"लिवा," मी म्हणालो.

साहेबांनी लिहिलं. नाव निघालं. जाकीट परत आलं. शिट्टी हरवली असं सांगितलं. मुलींचे नंबर मात्र परत घ्यायची सोय अजून कुणाला सापडलेली नाही.

माझा मुलगा तरी ऐकेना. "नाव निघालं म्हणून त्यो काय सुदारला?" त्याचं खोटं नव्हतं. पोरगी म्हणाली, "मी पोलिसांत तक्रार देते." घरात एकदम गलका झाला. पोरीचं नाव, घराचं नाव, स्थळं, पाव्हणे. मी काठी घेतली आणि म्हणालो, "चल. नाव माझंबी गेलंय गावात. मेलो का मी?"

शिरूरच्या ठाण्यात तिनं सगळं तिच्या हातानं लिहिलं. हवालदार बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. "आबा, साक्षीदार म्हणून इथं सही करा."

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे सगळं, मी बघितलंय."

"आसंल. मलाबी बघू द्या."

दोन पानं होती. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता, मागं लोक खोळंबले होते, चहा आला, त्यावर साय धरली. मी अक्षराला अक्षर लावत चाललो होतो. त्यानं जीपच्या मागच्या काचेवर तिचं नाव लिहिलं होतं. आजीला केडगावच्या दवाखान्यात नेलं त्या दिवशी तो तिथंही बाहेर उभा होता, आणि मी आत बाकावर बसलेलो. तिनं रोजची जीप सोडून तासभर आधीची धरली, तर तोही तासभर आधी यायला लागला. हे सगळं चार महिने चाललं होतं. एकाच घरात राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भरभर वाचणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळलं असतं. मला एकेक शब्द करत कळलं.

दुसऱ्या पानावर खालच्या बाजूला लिहिलं होतं, 'मी आजोबांना सांगितले होते. त्यांनी मला खाली बघून जा असे सांगितले.'

ती ओळ मी परत पहिल्यापासून वाचली. वर बघितलं तर पोरगी माझ्याकडंच बघत होती. डोळे खाली न घालता.

बाईंनी विचारलं, "काही बदलायचंय का आबा?"

"न्हाई. बरोबर लिव्हलंय."

सही केली. लफ्फेदार आली नाही.

बाहेर आल्यावर तिनं घड्याळ बघितलं. "आबा, दुपारनंतर गेलं तर अर्धी हजेरी धरत्यात. चला की." तिच्या बापाला फोन करून विचारायचं मी बोललो नाही, ती पण बोलली नाही. जीपमधनं गेटाशी उतरलो, ती आत गेली. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. ती मोटारसायकल जिथं उभी असायची, बरोबर तिथंच बाकडं ओढून घेतलं. सुट्टी होईपर्यंत बसणार होतो. दुसऱ्या दिवशीही, परीक्षा होईपर्यंत. राखण मला येते, फक्त जागा बदलली.

टपरीवाला म्हणाला, "आबा, पेपर देऊ का वाचायला?"

"दे. पण परत मागायची घाई करू नगंस. मला वेळ लागतो."