खांदा किती वर गेला

आमच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या विभागप्रमुखांशी तो सौदा केला तेव्हा मला वाटलं होतं, मीच जिंकले.

तांबरमच्या पलीकडच्या त्या कॉलेजात मी अकरा वर्षं शिकवत होते. माझ्यानंतर लागलेले हे गृहस्थ माझे साहेब झाले, कारण त्यांच्याकडे पीएच.डी. होती आणि माझ्याकडे नव्हती. मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात अभ्यास करून शिकले. नवऱ्याच्या बदलीबरोबर चेन्नईत आले, पेशंटांची बोलणी खात तमिळ शिकले, अण्णा नगरात दोन खोल्यांत क्लिनिक चालवलं. मला कुणी काही आयतं दिलेलं नाही. त्यामुळे ती बढती हातची गेली ते मी विसरले नव्हते, आजही विसरलेले नाही. पीएच.डी.ला नाव नोंदवलं, दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा वाढवून मिळणार नव्हती.

विषय मला रोज डोळ्यांसमोर दिसणारा होता. आमची मुलं तोंडी परीक्षेत घडाघडा बोलतात, पण खऱ्या माणसाच्या अंगाला हात लावायची वेळ आली की गांगरतात. म्हणून मी वर्गाचे दोन गट केले. एकाला नेहमीसारखं शिकवायचं, व्याख्यान आणि प्रात्यक्षिक. दुसऱ्याने पहिल्या आठवड्यापासून आजाराचं सोंग घेतलेल्या माणसांवर सराव करायचा. शेवटी दोन्ही गटांची एकच परीक्षा: प्रत्येक टेबलावर एक सोंगाचा पेशंट, काही मिनिटं, एक काम.

"परीक्षेला वेगळा दिवस देता येणार नाही," विभागप्रमुख म्हणाले. "हवं तर तुमचीच परीक्षा अंतर्गत परीक्षा म्हणून धरू."

"मग मला दोन्ही हॉल पाहिजेत. आणि प्रत्येक टेबलावर कॅमेरा."

"एक हॉल."

"दोन, सर. नाहीतर राहू द्या." मी उठून उभीसुद्धा राहिले.

दोन मिळाले. जिना उतरताना मी मनात त्यांना हसत होते. अंतर्गत परीक्षेत जो नापास होतो त्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला वाटलं, बरंच झालं, पोरं मन लावून करतील.

सोंगाचे पेशंट मी आमच्या मराठी मंडळातून आणले. शिकवून तयार केलेले लोक दुसरीकडे मिळत होते, पण मंडळातल्या बायका गणपतीत नाटक करतात आणि माझ्या शब्दाखातर फुकट येतात, मग बाहेर कशाला जायचं? त्यात एक काकू होत्या, रेल्वेतल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, चाळीस वर्षं याच शहरात. त्यांना मी आखडलेला खांदा शिकवला. हात खांद्याच्या वर जायचा नाही. मुलाने एका हाताने पाठीकडचं हाड नीट दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने सांधा बरोबर सरकवला, तरच हात वीतभर वर सोडायचा.

"आणि चुकीचं केलं तर?"

"तर कण्हायचं. हात जिथल्या तिथे."

"कण्हायचं मला नको शिकवूस गं. सासूपुढे पंधरा वर्षं तेच केलंय."

दहा आठवडे सराव गटातली मुलं काकूंच्या खांद्यावर हात बसवत होती. मुलं त्यांना पाटी म्हणायची, म्हणजे तमिळमध्ये आजी. काकू डब्यातून रव्याचे लाडू आणायच्या. मला ते आवडलं होतं. मुलांची भीड चेपते आहे, असं मी वहीत लिहूनही ठेवलं.

परीक्षकाचं मत मला कुठेच नको होतं. मत आलं की पक्षपात आला, आणि पक्षपात काय असतो ते मी भोगलं आहे. म्हणून खांद्याच्या टेबलावर नियम केला: परीक्षकाने फक्त कोनमापक लावायचा. हात वर गेला तर पास, नाही गेला तर नापास; आणि एका टेबलावर नापास म्हणजे सगळ्या परीक्षेत नापास. कोन खोटं बोलत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवत होते.

निकाल लागला आणि मला हवा तसाच लागला. सराव गटाने दुसऱ्या गटाला कुठल्या कुठे मागे टाकलं. त्या दुपारी दुसऱ्या गटातली एक मुलगी हॉलच्या दारात माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पहिल्या बाकावरची, विळुप्पुरमकडची, कमी बोलणारी. भोवती निम्मा वर्ग होता.

"मॅम, मी बरोबर केलं होतं. त्या पाटींनी हात वर केला नाही."

"पेशंटला दोष द्यायला लाज वाटत नाही?" मी ओरडले. "हात वर गेला नाही याचा अर्थ तुला येत नाही. असल्या सबबी तुझ्या गावात चालत असतील."

ती हलली नाही. "मॅम, विद्यापीठाच्या परीक्षेच्या यादीतून नाव गेलं तर माझं शिक्षण संपलं. थोरल्या भावाने सांगितलंय, एकदा नापास झालीस की घरी."

"मग अभ्यास करायचा होता."

पुढच्या आठवड्यात आभार मानायला काकूंच्या घरी गेले. त्यांनी कॉफीचा टंबलर हातात दिला आणि विचारलं, "काय गं, आपली सगळी पास झाली ना?"

"आपली?"

"तो चष्मेवाला. त्याने हात भलतीकडेच धरला होता. पाव्वम्, बिचारा घामाने भिजला होता नुसता. म्हटलं जाऊ दे, केला हात वर."

मी टंबलर खाली ठेवला. "आणि दुसरी मुलं, काकू?"

"ती कोण, मला काय ठाऊक? तू म्हणालीस कडक राहा, राहिले कडक. बरोबर की चूक एवढं मला कुठे कळतंय? आपल्या पोरांचे हात ओळखीचे, म्हणून कळतं."

"काकू, तुम्ही माझं वाटोळं केलंत!"

"आवाज खाली. दहा आठवडे फुकट खांदा पिळून घेतलाय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात दार लावून चित्रण पाहिलं. त्या मुलीचा डावा हात पाठीकडच्या हाडावर, उजवा सांध्यावर. माझ्या क्लिनिकमध्ये मी तिला उद्या उभी केली असती, इतकं नेमकं. काकूंचा हात दगडासारखा. मग चष्मेवाला, दोन्ही हात चुकीच्या जागी, आणि काकूंचा हात सुरेख वर चाललेला. ते मी किती वेळा पाहिलं कुणास ठाऊक. हे चित्रण पुसून टाकावं असं मनात आलं, आणि ते नुसतं येऊन गेलं नाही, दुपारपर्यंत तिथेच बसून होतं. प्रबंधाची मुदत संपायला पंधरवडा होता.

दुपारनंतर विभागप्रमुखांकडे गेले. "एका मुलीची नोंद चुकली आहे. तिचं नाव यादीत घालायचं आहे."

"कुठल्या टेबलावर?"

"खांद्याच्या."

"मग त्या टेबलावरचे बाकीचे?"

या माणसाला मी मूर्ख समजत होते. त्याने एकच प्रश्न विचारला आणि मला सगळं सांगावं लागलं.

"नापास झालेल्यांची फेरपरीक्षा घेऊ," मी म्हणाले.

"आणि चुकून पास झालेले?"

"त्यांना राहू द्या, सर. कुणाचं नुकसान आहे त्यात?"

"मॅडम, हा कोयंबेडूचा भाजीबाजार नाही."

माझा तोल गेला. "तुम्ही आयुष्यात किती खांदे हलवलेत? तुमची डिग्री कागदावरची आहे, कागदावरची!" बाहेरचा शिपाई आत डोकावला.

ते शांतपणे म्हणाले, "घडलं ते लिहून द्या. परीक्षा रद्द करतो. सगळ्यांची तोंडी घ्या, जुन्या पद्धतीने. शुक्रवारी यादी विद्यापीठाला जाते."

"आणि माझा अभ्यास?"

"रद्द झालेल्या परीक्षेचे गुण प्रबंधात कसे घालणार?"

आणखी काहीतरी मागावं म्हणून मी खूप शोधलं. माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. त्यांच्याच टेबलावर वाकून, उभ्याने, पत्र लिहून दिलं.

गुरुवारी तोंडी परीक्षा घ्यायला मीच बसले. ज्या पद्धतीविरुद्ध तीन वर्षं पानंच्या पानं लिहिली, तीच पद्धत, तीच खुर्ची. ती मुलगी आली. मी आखडलेल्या खांद्याचे पाच प्रश्न विचारले, तिने पाचही उत्तरं न अडखळता दिली. तिचे हात सगळा वेळ मांडीवर होते आणि मला ते एकदा काम करताना समोर बघायचे होते, पण तोंडीत तसं काही करायला सांगत नाहीत. मी पूर्ण गुण मांडले.

ती उठली, पण गेली नाही. "मॅम, त्या दिवशी चूक माझी होती का?"

"नव्हती."

"मग हे वर्गासमोर सांगाल? तुम्ही वर्गासमोर बोलला होतात."

एक मुलगी तेवढी मला माझ्या भाषेत, सौद्याच्या भाषेत, बोलताना दिसली. मी वर्गासमोर बोलले होते तेवढंच परत मागत होती, एक शब्द जास्त नाही. मी कागद सारखे केले आणि म्हणाले, "पुढच्याला आत पाठव."

ती विद्यापीठाच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. माझी पीएच.डी.ची नोंदणी संपली. वर्गाला मी अजून काही सांगितलेलं नाही.