धोंडाबाईची बुडी

विंझर गावाच्या खालच्या अंगाला नदीत खडकांचा डोह होता. तिथले मासे देवाचे, म्हणून कुणी धरत नसे आणि ते हातभर वाढत. घाटावरून घसरलेलं भांडं किंवा दागिना काढायला बायका धोंडाबाईला बोलावीत. पुरुषाला सांगितलं की घरात कळे.

एक्कावन्नच्या उन्हाळ्यात कमळाबाईंच्या नव्या सुनेची, रतनची, बुगडी धुणं धुताना डोहात पडली. सासूला कळायच्या आत ती मिळायला हवी होती. धोंडाबाईने भाकरीचे तुकडे लांब टाकायला सांगितले, म्हणजे मासे तिकडे जातात आणि तळ दिसतो. रतनने घाईत सगळी भाकरी पायाशीच टाकली. बुगडी पडली होती तिथेच मासे गोळा झाले.

“आता त्यांची पंगत उठस्तवर बस,” धोंडाबाई म्हणाली.

मासे पांगल्यावर तिने बुडी मारली. कपारीत सापासारखी लांबडी वाम मासळी पडली होती, तिच्या शेजारी बुगडीचा मोती चमकला. खडक धरून वर यायला दोन्ही हात लागत, म्हणून सापडलेली वस्तू ती गालात धरी. ती वर आली तेव्हा घाटावर कमळाबाई उभ्या होत्या.

“काय शोधतीस गं, धोंडे?”

धोंडाबाईने नुसती मान हलवली. रतन खाली बघून लुगडं पिळत राहिली.

“एरवी तुझं तोंड मिटत न्हाई,” कमळाबाई म्हणाल्या. “माझं जोडवं बी ह्याच गालात आणलं हुतंस. दे तिची तिला.”

मग त्यांनी धुण्याचा पिळा उचलला. “आन् तू गं, फिरकी घट्ट लावत जा.”