सासुरवाडीवर गोल

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावून सगळे फुटबॉल बघत बसले होते. मॅच पुरुषांची आणि कॉमेंट्री करणारी बाई. थोड्या वेळाने एक गृहस्थ उठले आणि आवाज बंद करून आले. म्हणाले, बाई बोलायला लागली की मॅच बघतोय की मालिका, तेच कळत नाही. बाकीचे हसले. मीही हसले, पण मला आमच्या वन्सं आठवल्या म्हणून.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण आमच्याकडे नणंदेला मानानेच बोलवायचं, म्हणून वन्सं. ती मला वहिनी म्हणायची आणि अगंतुगं करायची. हे मी सांगतेय ते नव्वदच्या दशकातलं. तेव्हा आम्ही वसईजवळच्या गास गावात राहायचो, आता विरारच्या फ्लॅटमध्ये आलो. गासचं आमचं घर केळीच्या वाडीत होतं, आणि वाडीच्या कुंपणाला लागून गावाचं मैदान. मैदान कसलं, भात कापून झालं की मोकळं पडणारं शेतच ते. पण मे महिना आला की तिथे फुटबॉलची टूर्नामेंट. आजूबाजूच्या गावांचे संघ यायचे, नारळाच्या झाडाला भोंगा बांधायचे आणि संध्याकाळी घरात कोणाचं लक्ष म्हणून लागायचं नाही.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी याच मैदानावर गोलकीपर होते. पुढे काचबिंदूने नजर गेली. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. पण मॅच असली की ओटीवर खुर्ची टाकून मैदानाकडे तोंड करून बसायचे. वन्सं शाळेत होत्या तेव्हापासून त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगायच्या. बाबा, आता विहिरीकडचा धाकटा निघाला बघा, त्याला चिंचेकडचा आडवा आला, पाडला त्याला, मुद्दाम पाडला. मामंजी मान डोलवायचे, मध्येच चिडून विचारायचे, कीपर कुठे उभा आहे ते सांग. म्हणजे बघा, कॉमेंट्रीचं शिक्षण वन्संनी ओटीवर घेतलं, आणि मास्तर होता आंधळा गोलकीपर. त्याला चुकीचं सांगून चालायचंच नाही.

भोंग्यावर बोलायला गावातले एक रिटायर्ड मास्तर असायचे. त्या वर्षी टूर्नामेंट सुरू झाली आणि त्यांचा घसा बसला. मग टूर्नामेंटच्या सेक्रेटरीने स्वतःच माईक घेतला. तो मुलगा कामाला वाघ, पण हातात टीमचा कागद घेऊन कागदावरची नावं वाचायला लागला. आता आमच्याकडची गंमत अशी, की ख्रिस्ती आळीतल्या मुलांची बाप्तिस्म्याची नावं एका टीममध्ये चार-चार जणांची सारखी. घरी हाक मारायची नावं वेगळी. गाव तर माणसाला ओळखतं घरावरून. विहिरीकडचा, पोस्टाकडचा, बेकरीकडचा. कागदावरचं नाव ऐकून त्या मुलाच्या आईलासुद्धा कळेना की बॉल आपल्या पोराकडे आहे. बांधावर बसलेल्या बायका ओरडायला लागल्या, अरे कोण म्हणतोस कोण?

वन्सं सरबताची कळशी घेऊन माईकच्या मांडवात गेल्या होत्या. त्यांनी सेक्रेटरीच्या कानात सांगितलं, पोस्टाकडचा मधला म्हण. तो म्हणाला. मैदान हसलं, टाळ्या पडल्या. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शेवटी तो कंटाळला आणि म्हणाला, तूच बोल ना बाई. आणि वन्सं बोलायला लागल्या.

भोंग्याचं तोंड नेमकं आमच्या घराकडे. मी ओटीवर मामंजींना चहा देत होते. त्यांचा हात थांबला.

"सूनबाई, हा आवाज आपला आहे ना?"

मी म्हटलं, हो. त्यांनी मला खिडकी आणि दार दोन्ही लावायला सांगितलं आणि उठून आत जाऊन बसले. घरात सांगणं वेगळं, म्हणाले, गावाला सांगणं वेगळं. उद्या स्थळं यायची आहेत. मी दार लावलं. जरा वेळाने आतून आवाज आला की फार उकडतंय, खिडकी उघड. मग म्हणाले, दारही उघड. मग खुर्ची परत ओटीवर आली. सासऱ्यांना हसायची पद्धत आमच्याकडे नव्हती, म्हणून मागच्या पडवीत जाऊन हसून आले.

मांडवातले पुरुष मात्र सहज ऐकणारे नव्हते. काही जण गमतीने घ्यायचे, काही जण पाठ करून बसायचे. एक जण, स्वतःला मोठा जाणकार समजणारा, हाफ टाइम झाला की मांडवाशी येऊन मोठ्याने विचारायचा, बाई, ऑफसाइड म्हणजे काय ते सांगा की जरा. दोन दिवस वन्संनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी माईक चालू ठेवूनच म्हणाल्या, "पंगतीत वाढपी यायच्या आधीच जो श्रीखंडाजवळ जाऊन बसतो, तो ऑफसाइड. तुम्हाला ठाऊक असणार काका." त्या काकांची लग्नकार्यातली ख्याती सगळ्या गावाला माहीत होती. त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं. बायका तर घरची कामं उरकून लवकर येऊन जागा धरायला लागल्या. आपल्या पोराला आपल्या घराच्या नावाने भोंग्यावर ऐकायचं, ते सुख कोणाला नको?

आणि मग सेमीफायनलला घोटाळा झाला.

आमच्या गावाचा सामना होता आगाशीकडच्या संघाशी. त्या संघात एक उंच, देखणा मुलगा होता. त्याचं लग्न आमच्या गावच्या बेकरीकडच्या मुलीशी ठरत आलं होतं. ठरत आलं होतं म्हणजे ठरलंच होतं, पण बाहेर कोणाला माहीत नव्हतं. ख्रिस्ती लोकांत लग्नाची सूचना चर्चमध्ये तीन रविवार वाचतात, आणि पहिली सूचना त्याच रविवारी वाचली जायची होती. तोवर घरचे लोक तोंडाला कुलूप लावून असतात. पण बेकरीकडची मुलगी वन्संची मैत्रीण. तिने हिला सांगितलं होतं, शपथ घालून.

सामना बरोबरीत चाललेला, सगळे उभे. त्या मुलाला बॉल मिळाला, त्याने आमच्या दोघांना चुकवलं आणि जोरात मारला. आमचा कीपर आडवा. आणि भोंग्यातून वन्सं:

"गोल! बेकरीकडच्या जावयाने सासुरवाडीवरच गोल घातला!"

गोल खाल्ल्याचं दुःखसुद्धा लोक विसरले. सगळ्यांच्या माना बेकरीवाल्याकडे. तो बिचारा शेंगदाण्याची पुडी हातात धरून उभा होता. लालबुंद झाला आणि मैदानातून निघून गेला. तो मुलगा तर गोल घालून डोकं धरून खाली बसला.

मग काय, मांडवात एकच गलका. बघा, बायकांच्या हातात माईक दिला की पाणवठ्यावरच्या गोष्टी भोंग्यावर येणारच. ऑफसाइडवाले काका सगळ्यांत पुढे. सेक्रेटरीने खाली मान घालून माईक मागून घेतला, आणि उरलेली मॅच पुन्हा कागदावरच्या नावांनी झाली. आम्ही हरलो. फायनल रविवारी, आणि फायनलला वसईहून कोणी बोलणारा आणायचा असं कमिटीचं ठरायला लागलं.

वन्सं मागच्या दाराने घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मैत्रिणीला तोंड कसं दाखवू, हे होतंच. पण त्याहून खोल लागलं होतं ते दुसरंच. रडता रडता म्हणाल्या, "वहिनी, आता परत कोणी मला माईक देणार नाही गं. मलाच काय, कुठल्याच मुलीला देणार नाहीत."

दिवेलागणीला बेकरीकडची बाई, मुलीची आई, आमच्याकडे आली. मला वाटलं, भांडायला आली. तिने खारी बिस्किटांचा पुडा माझ्या हातात दिला आणि ओटीवर बसली. ती आपल्या घरच्या बोलीत बोलायची, मी माझ्या भाषेत सांगते. तिचा राग लग्नाची बातमी फुटल्याचा नव्हताच. नंदाखाल गावच्या तिच्या नणंदेला अजून कळवायचं होतं आणि तिला भोंग्यावरचं कळलं, म्हणून ती रुसली, आता तिची समजूत कोण काढणार, एवढंच तिचं दुखणं. जाता जाता आत डोकावून वन्संना म्हणाली, पोरी, गोल मात्र चांगला सांगितलास.

मामंजी हे सगळं ऐकत बसले होते. ती गेल्यावर म्हणाले, सूनबाई, माझी टोपी दे आणि हात धर. मी विचारलं, कुठे? म्हणाले, मांडवात.

मांडवात कमिटी बसलेली होती. मामंजी कधी घराबाहेर पडायचे नाहीत, त्यांना बघून सगळे उभे राहिले. खुर्ची दिली, बसले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं:

"मास्तरांनी त्या वर्षी जिता माणूस मेला म्हणून भोंग्यावर सांगितलं, सगळ्या मैदानाला दोन मिनिटं उभं केलं. तो माणूस स्वतः टोपी काढून माझ्या शेजारी उभा होता. मास्तरांचा माईक कोणी काढून घेतला होता?"

कोपऱ्यात मास्तर बसले होते. त्यांचा घसा अजून बसलेलाच, पण तेच पहिले हसले, खोकत खोकत. मग सेक्रेटरी हसला. ऑफसाइडवाले काका म्हणाले, ते वेगळं होतं. मामंजी म्हणाले, "हो, वेगळंच. तेव्हा माणूस मेला होता, आता नुसतं लग्न ठरलंय."

रविवारी सकाळी चर्चमध्ये सूचना वाचली गेली आणि संध्याकाळी फायनलला वन्सं माईकच्या टेबलाशी बसल्या. पण इतक्या सांभाळून बोलत होत्या की मला ओटीवरून ऐकवेना. अकरा नंबर, सात नंबर. आगाशीकडच्यांना पेनल्टी मिळाली, तोच मुलगा मारायला आला. भोंग्यातून वन्सं म्हणाल्या, आता अकरा नंबरचा खेळाडू. तेवढ्यात गर्दीतून बेकरीवाला ओरडला, "जावई म्हण गं! फादरनी वाचलंय सकाळी!"

मैदान असं हसलं की रेफ्रीनेही शिट्टी तोंडातून काढली. वन्संचा आवाज मोकळा झाला. जावई आले, जावयांनी मारली, आणि जावयांनी पेनल्टी वरून घालवली हो! बॉल आमच्या केळीत. मामंजी म्हणाले, जा सूनबाई, आण. मी पदर खोचून वाडीत शिरले. केळीच्या पानांमध्ये बॉल शोधत होते आणि डोक्यावर भोंगा अख्ख्या गावाला सांगत होता, "आमच्या वहिनी केळीत उतरल्या आहेत. डावीकडे गेल्या. वहिनी, उजवीकडे बघ. हां, मिळाला. आता वहिनी टाकणार की कुंपणापर्यंत चालत येणार?"

मी टाकला.