सेटल

अनसिंगच्या अलीकडे आमचा तीन एकरांचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर. तो धाकटा भाऊ बघतो. मी वाशिमच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यापुरता नोकर, आणि परीक्षा लागल्या की घरी.

मागच्या वर्षी भावासाठी स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी मळा पाहिला, विहिरीत वाकून पाहिलं, दोनदा चहा घेतला आणि बाबांना विचारलं, "सारं बरोबर हाये. पण पोरगा सेटल हाये काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी शब्द आला की तो माझ्या वाट्याला येतो. मीही मास्तरच. सांगून टाकलं, की या क्रियापदाचं मूळ एका फार जुन्या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ बसायची जागा, बाकडं. त्यावरून स्थिरावणं, मग भांडण मिटवणं. पाण्यातला गाळ तळाशी बसला तरी हेच क्रियापद.

"म्हंजे यायले बसणारा पाहिजे," बाबा म्हणाले. "आमचा तं पहाटपासून उभा राह्यते."

पाहुणे हसले नाहीत. म्हणाले, "थोरल्याचं जमलं काय कुठं? कॉलेजात हाये म्हणता. खुर्ची हाये, पंखा हाये."

भाऊ अंगणात मोटारसायकलला वांग्यांचे कॅरेट बांधत होता. त्यानं ऐकलं. दोरीला गाठ न मारता तो ती नुसतीच ओढत राहिला.

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. मुलीचा फोटो मीही पाहिला होता. पण म्हणालो, "काका, माही नोकरी मार्चपर्यंतच हाये. जूनमंधी पुन्हा अर्ज. घर चालते ते याच्या वांग्यावर."

"मंग तुमच्या घरी सेटल कोन हाये?" ते गोंधळून म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, "मी. लग्न झाल्यापासून चुलीपुढं बसून हाओ."

ते स्थळ गेलं. भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी खरं बोललो म्हणून की बोलायला वेळ लावला म्हणून, ते मी विचारलं नाही.

उन्हाळ्यात मेडशीकडची मुलगी स्वतः मळा बघायला आली. "वांग्यावर अळी पडली तं काय मारता?" तिनं भावाला विचारलं. त्याचं उत्तर तिला पटलं नाही. अर्धा तास दोघं बांधावर वाद घालत होते. तुळशीच्या लग्नानंतर त्यांचं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात तिनं मेथीची जागा बदलली. भाऊ कुरकुरला, पण मेथी तिथंच वाढली.