फळी सपाट हवी

मणक्याच्या ऑपरेशननंतर अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय गेले. हात शाबूत राहिले. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला गाडीत बसवायचं, तर मी काखेत हात घालायचे आणि वॉचमनने पाय उचलायचे. एकदा त्या ओढाताणीत त्यांची लुंगी सुटली. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी समोर उभी होती. वर आल्यावर ते म्हणाले, "आता मला कुठे नेऊ नका." इंदिरानगरला दर रविवारी जुने सहकारी जमायचे, तिथे जाणंही त्यांनी सोडलं. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे पाहवायचंही नाही.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी उपाय सांगितला. व्हीलचेअरपासून सीटवर फळी टाकायची आणि हातांवर जोर देऊन सरकायचं. पण आमची सीट उंच, फळी तिरकी राहायची. अपंगांसाठी खास बनवलेली गाडी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून आहे तीच खाली आणायचं मी ठरवलं.

के. आर. पुरमच्या गॅरेजमध्ये सगळी कॉलेजातली पोरं गाड्या बुटक्या करून घ्यायला आलेली. माझे पिकलेले केस बघून मेकॅनिकने हसत विचारलं, "स्टाइलगा, सर?" म्हणजे, स्टाइलसाठी का? वडिलांसाठी म्हटल्यावर तो वाकून गाडीखाली बघू लागला. स्प्रिंगा कापल्या की स्वस्तात काम होईल, म्हणाला. मी घरी फोन केला.

"कापायच्या नाहीत!" अप्पा कडाडले. "कापलेल्या स्प्रिंगचा काय भरवसा? या गाडीला बसणाऱ्या आखूड मिळतात का बघ."

कितीतरी दिवसांनी ते माझ्यावर ओरडले होते. फार बरं वाटलं. शेवटी दुसऱ्या एका गाडीतून काढलेल्या आखूड स्प्रिंगा मिळाल्या.

त्या रविवारी पार्किंगमध्ये फळी सपाट बसली आणि अप्पा आपले आपण सीटवर सरकले. मागे आई आणि माझी बायको बसल्या. वाटेत पहिल्याच स्पीडब्रेकरच्या हंपला गाडीचं पोट खरवडलं. पुढच्या प्रत्येक हंपला बायको उतरायची, गाडी पलीकडे गेली की पुन्हा बसायची. अप्पा नुसते बघत होते.

इंदिरानगरला मित्र फाटकापाशी येऊन थांबले होते. मी खुर्ची लावली, फळी टाकली, तर ती पुन्हा तिरकी. सीट आता खुर्चीहून खाली होती. मी मोजमाप घेतलं होतं ते रिकाम्या गाडीचं. चढावर अप्पा सरकणार कसे? एक मित्र मदतीला पुढे झाला. मी वाकून काखेत हात घातले आणि अप्पांचा चेहरा लुंगी सुटली त्या दिवशीसारखा झाला.

"थांब. मागे कोण आहे?"

मागे दोघी तशाच बसून होत्या. अप्पांच्या आधी उतरायचं नाही, ही आईची जुनी रीत, आणि हंपची गोष्ट वेगळी, पण मुक्कामी पोचल्यावर सासूच्या आधी सून कशी उतरणार?

"आधी तुम्ही उतरा," अप्पा म्हणाले. "हंपला ही उतरली की गाडी वर यायची, दिसलं नाही का कुणाला?"

दोघी उतरल्या. गाडी बोटभर वर आली आणि फळी सपाट झाली. माझे हात अजून त्यांच्या काखेत होते.

"सरी, ठीक झालं. आता हात काढ."

मी काढले. ते फळीवरून सावकाश सरकत खुर्चीत बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या आधी उतरलेली आई ओशाळून बाजूला उभी होती. खुर्ची ढकलायला मी मागे गेलो, तेवढ्यात त्यांनी स्वतःच चाकं फिरवली आणि ते फाटकाकडे निघाले.