आयलीच्या खुंट्या

आमच्या काउंटीच्या तुरुंगासमोर, रस्त्यापलीकडे फर्नची खानावळ आहे. तिच्या मागच्या भिंतीला अकरा खुंट्या, आणि त्यांवर आयली सालोने टांगलेले कपडे. पूर्ण बाह्यांचे शर्ट, जाडे स्वेटर, लांब झगे. कपड्यांवरून तुरुंगाच्या खिडकीतून परत पाठवलेल्या कुणीही यावं, अंगाला होईल ते चढवावं, भेट घेऊन यावं आणि पुन्हा खुंटीला लावावं. कुणाला नाव विचारायचं नाही, हा आयलीचा एकच नियम. बाकीचे सगळे नियम आमचे.

आमचे म्हणजे माझे. मी हॅरल्ड, शेरीफच्या कचेरीत एकतीस वर्षं भेटीच्या खिडकीवर बसलो. दाराला लावलेला माहितीचा कागद मीच टाइप केलेला. भेट फक्त रविवारी, एक ते तीन. ओळखपत्र हवं. बिनबाह्यांचं काही चालणार नाही. नारिंगी काही चालणार नाही, कारण कैद्यांचा पोशाख नारिंगी. आत कुणाला निरोप देणार नाही. शेरीफसाहेब म्हणायचे, हा हॅरल्ड देवदूत आला तरी पंखांना बाह्या शिवून आण म्हणेल. मला त्याची फुशारकी वाटायची.

आयली माझ्याच वर्गातली. पुढे ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली; अर्ध्या गावाने तिच्या हातचे सलगम नाकं मुरडत खाल्लेत. नवरा झाड अंगावर पडून गेला तेव्हा तिचा वेस चार वर्षांचा होता. पोराला एकटीने वाढवलं आणि पोराला उचलेगिरीची खोड लागली. चोविसाव्या वर्षी तळ्याकाठच्या कुणाच्या तरी बंगल्याचं कुलूप तोडताना सापडला. गाव तिच्याकडे बोट दाखवायला मोकळं झालं. ती मात्र दर रविवारी बरोबर एकला माझ्या खिडकीशी हजर असायची.

नोव्हेंबरात आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा मोसम. त्या दिवसांत रानातून जायचं तर अंगावर भडक नारिंगी हवंच, नाहीतर झाडीत काही हललं म्हणून कुणीही गोळी घालेल. मोसमातल्या पहिल्या रविवारी आयलीची गाडी चालूच होईना. नवऱ्याचा जुना नारिंगी कोट चढवून ती तीन मैल बर्फ तुडवत आली. खिडकीशी पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. मी कागदावर बोट ठेवलं.

तिने कोट काढला. आत बिनबाह्यांचा पातळ झगा. मी बोट एक ओळ वर सरकवलं.

"हॅरल्ड, मंगळवारी त्याला मोठ्या तुरुंगात हलवतायत," ती म्हणाली. "पाच तासांची वाट आहे. माझी गाडी तिथवर जायची नाही."

"तीनपर्यंत वेळ आहे. बदलून ये."

तीन मैल जायचं, तीन मैल यायचं, हे मला कळत नव्हतं असं नाही. रविवार असल्याने फर्नची खानावळ तेव्हा बंद असे, आणि निम्मं गाव रानात, निम्मं चर्चमध्ये. कितीतरी दारं वाजवून, कुणाचा तरी स्वेटर मागून ती तीन वाजून दहा मिनिटांनी आली. मी खिडकी लावून घेतली होती.

मंगळवारी वाटेत त्याला नेणारी गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली. वेस जागीच गेला.

त्याचे अटकेच्या वेळचे कपडे आमच्या कपाटात राहिले होते. दफनानंतर ती ते न्यायला आली. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट, उजव्या कोपराला तिनेच लावलेलं निळं ठिगळ. सही करून झाल्यावर तिने विचारलं, "त्या रविवारी मी आले होते, हे तू त्याला सांगितलंस ना?"

मी हो म्हणून मान हलवली. खोटी.

पुढच्याच रविवारपासून तिने फर्नला खानावळ उघडायला लावली आणि भिंतीला खुंट्या ठोकल्या. अकराव्या खुंटीवर वेसचा शर्ट. त्याला कुणी हात लावत नसे. एकोणीस वर्षं हे चाललं. रविवारी त्या खानावळीत जायची माझी छाती कधी झाली नाही.

गेल्या नोव्हेंबरात माझा नातू ग्रेडी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. एकोणीस वर्षांचं पोर. बापाने सांगितलं, मी जाणार नाही, सडू दे. मला फोन आला तेव्हा मी रानात मचाणावर होतो, तसाच निघालो. खिडकीवर आता एक तरुण मुलगी बसते. ती म्हणाली, "आजोबा, नारिंगी चालत नाही." जाकीट नारिंगी, आतला स्वेटर नारिंगी, त्याखाली नुसती बंडी. तिने कागदावर बोट ठेवलं. कागद माझाच.

रस्ता ओलांडून गेलो. मोसम असल्याने दहाही खुंट्या रिकाम्या. आयली कोपऱ्यात बसून कुणा लहान पोराच्या शर्टाला गुंडी लावत होती. तिने माझ्या जाकिटाकडे पाहिलं, उठली आणि अकराव्या खुंटीवरचा शर्ट काढून माझ्यापुढे धरला.

"हा नको, आयली."

"घाल. तू त्याला सांगितलंस म्हणून तरी माझा वेस आई आली होती हे समजून गेला. तेवढ्यावर मी दिवस काढले. घाल, पावणेतीन होतील आता."

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. मी शर्ट घातला.

काचेपलीकडे ग्रेडी ढसाढसा रडला. म्हणाला, "आजोबा, मला वाटलं कुणीच येणार नाही." मी त्या शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. परत गेलो तेव्हा आयलीने एवढंच विचारलं, "भेटला?" मी म्हणालो, भेटला. बरं झालं, असं म्हणून तिने ठिगळावरून हात फिरवला आणि शर्ट जागेवर लावला.

आयली एप्रिलमध्ये गेली. खुंट्यांवरचे कपडे आता मी धुतो, आणि रविवारी तिच्या कोपऱ्यात बसतो. लोक म्हणतात, म्हातारा मनाने मोठा आहे. मला त्यांचं तोंड दाबून धरावंसं वाटतं.

त्या रविवारी वेस केस ओले करून, नीट भांग पाडून भेटीच्या खोलीत बाकावर बसला होता. मला तीनदा म्हणाला, "आई आली का, बघा ना जरा." तीन वाजता मी त्याला सांगितलं, भेटीची वेळ संपली. तो म्हणाला, "म्हणजे नाही आली ती," आणि उठून आत गेला.